टाका गळला, टाके वाढले, ओळ चुकली: सगळं न उसवता विणकाम कसं सावरायचं

टाका गळल्याचं लक्षात आलं की काम ओढायचं नाही. ओळ अर्धी असली तरी तिथेच थांबा, गळलेल्या टाक्याच्या फासात सेफ्टी पिन अडकवा आणि मग काम टेबलावर सपाट पसरा. पिन लागली की टाका आणखी खाली घरंगळत नाही, मग दुरुस्ती दहा मिनिटांनी केली काय आणि उद्या केली काय, सारखंच. नव्याने विणायला लागलेल्यांचं काम बहुधा इथेच सुटतं. एका टाक्यासाठी वीतभर वीण उसवली जाते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच होतं आणि अर्धा स्वेटर पिशवीत जाऊन बसतो. उसवणं हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी करण्यासारखं बरंच असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं टाका नीट ओळखता येण्यावर अवलंबून आहे.

उदाहरणासाठी बाळंतविड्यात द्यायचा लहान स्वेटर घेऊ: सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाचा, पुढून उघडणारा, फोर प्लाय लोकरीचा, १० नंबरच्या सुयांवर विणलेला. त्याला साधारण १०० ते १५० ग्रॅम लोकर लागते. काम लहान असतं, पण हातविणीतल्या बहुतेक अडचणी त्यात भेटतात.

जवळ काय असावं

सुया आणि लोकर सोडून एवढं सामान एका डब्यात ठेवा: ३ मिलिमीटरची क्रोशाची सुई, पाच-सहा सेफ्टी पिना, मोठ्या नाक्याची बोथट सुई, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा, टेप आणि कागद-पेन्सिल. शिवाय चालू कामापेक्षा एक-दोन नंबर बारीक अशी एक सुई. सुटलेले टाके परत उचलायला ती फार कामाला येते, कारण बारीक सुई शेजारचे टाके न ओढता फासात शिरते.

सुईच्या नंबरांत एक मोठी गफलत होते. आपल्याकडे चालतो तो जुना ब्रिटिश क्रम, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५. अमेरिकन क्रम याच्या उलट चालतो आणि तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. परदेशातून कुणी पाठवलेला किंवा नेटवरून घेतलेला नमुना विणताना नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा.

टाका वाचायला शिका

साध्या विणीची (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) सुलट बाजू समोर धरा. उभ्या रांगांत एकावर एक व्ही दिसतात. एक व्ही म्हणजे एका ओळीतला एक टाका. मागच्या बाजूला त्याच टाक्याची आडवी गाठ दिसते. म्हणजे सुलट आणि उलट हे दोन निराळे टाके नाहीत, एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत. एवढं डोळ्यांत बसलं की ‘आता सुलट होता की उलट?’ हा प्रश्न कागद न बघता सुटतो: सुईवरच्या टाक्याच्या गळ्याशी गाठ दिसत असेल तर तुमच्या बाजूने तो उलट आहे, गुळगुळीत व्ही असेल तर सुलट.

दुसरी बघायची गोष्ट टाक्याचे पाय. सुईवर प्रत्येक टाका दोन पाय टाकून बसलेला असतो. नेहमीच्या विणीत उजवा पाय सुईच्या पुढे असतो आणि डावा मागे. उचललेला टाका चुकून फिरून बसला तर डावा पाय पुढे येतो. तो तसाच पुढून विणला तर तळाशी पीळ पडतो आणि कापडात एक आवळलेला टाका कायमचा राहतो. सुधारायला सोपं आहे: टाका उचलून फिरवून ठेवा, किंवा न फिरवता मागच्या पायातून विणा. काहींच्या हाताला उलट टाका विणताना धागा सुईच्या खालून घ्यायची सवय असते. त्यांच्या पुढच्या ओळीतले सगळेच टाके फिरलेले बसतात, म्हणून त्यांनी सुलट ओळ नेहमी मागच्या पायातून विणायची. त्यात चूक काही नाही, फक्त एकदा एक आणि एकदा दुसरं असं करू नये.

गळलेला टाका वर आणणं

टाका गळून चार-पाच ओळी खाली गेला की त्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसते. प्रत्येक पायरी म्हणजे एक ओळ.

१. सुलट बाजू समोर घ्या. क्रोशाची सुई फासात पुढून मागे घाला.
२. फासाच्या लगेच वरची, म्हणजे सर्वांत खालची पायरी क्रोशाने पकडा. ती फासाच्या मागे असली पाहिजे.
३. पायरी फासातून पुढे ओढून घ्या. नवा फास तयार झाला, एक ओळ वर चढली.
४. असंच एकेक करत वर या आणि शेवटचा फास डाव्या सुईवर ठेवा, उजवा पाय पुढे.

एखादी पायरी सुटली तर पुढून टाका लांबट दिसतो आणि मागे एक सैल धागा लोंबतो. मोठ्यांच्या स्वेटरमध्ये तो खपून जाईल, बाळाच्या कपड्यात नाही. बाळाचं बोट त्यात अडकतं. म्हणून वर आल्यावर काम उलटवून मागून एकदा बोट फिरवा, काही अडकलं तर क्रोशा काढून पुन्हा खाली जा.

एक सुलट, एक उलट अशा पट्टीत टाका गळला तर तो उभा खांब (एकावर एक टाक्यांची रांग) ज्या बाजूने सुलट दिसतो, त्या बाजूने वर आणा. क्रोशाने उलट टाका घालायची कसरत करायची गरज नाही, काम उलटवा की झालं. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या कापडात (गार्टर) मात्र प्रत्येक पायरीला बाजू बदलते. फासाच्या पायाशी गाठ दिसत असेल तर पुढची पायरी याच बाजूने सुलट घ्या, गुळगुळीत दिसत असेल तर काम उलटवून पलीकडून घ्या.

कडेचा पहिला किंवा शेवटचा टाका गळला तर शिडी दिसतच नाही, बाजूला लांब फासे लोंबतात. असा प्रत्येक फास दोन ओळींचा असतो. क्रोशाने आधी त्याची खालची बाजू ओढायची, मग वरची.

आता यातली मर्यादा. टाका खाली कधीतरी गळला आणि त्याच्याशिवायच वर वीस ओळी विणून झाल्या, तर वरच्या ओळींत त्या टाक्यापुरता धागाच नसतो. शेजारच्या दोन टाक्यांमधला आखूड धागा ओढून टाका वर आणला तर तिथे उभी चुणी पडते. तीन-चार ओळींचा प्रश्न असेल तर दोन्ही बाजूंच्या टाक्यांतला थोडा थोडा ढिलेपणा सुईच्या टोकाने सरकवून भागतं. त्याहून जास्त असेल तर तिथपर्यंत उसवणंच बरं. म्हणून दर चार ओळींनी टाके मोजायची सवय लावून घ्या. सत्तर टाके मोजायला अर्धं मिनिट लागतं.

गुळगुळीत अॅक्रिलिक आणि सुती धाग्यात टाका सरसर खाली जातो. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात, त्यामुळे गळलेला टाका बराच वेळ जागेवर टिकतो.

टाके वाढतात तेव्हा

७० टाके घातले होते आणि दहा ओळींनंतर ७६ भरतात, कापड वर रुंद होत जातं. ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि तिची कारणं ठरलेली तीन आहेत.

पहिलं कारण ओळीच्या सुरुवातीला असतं. काम उलटवल्यावर धागा सुईच्या वरून मागे टाकला जातो. त्यामुळे पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि दोन्ही विणले जातात. उपाय असा: ओळ सुरू करताना पहिल्या टाक्याच्या तळाशी अंगठा ठेवा आणि धागा सुईच्या खाली आहे ना ते बघून मगच सुई घाला.

दुसरं कारण पट्टीत सापडतं. उलट टाका विणताना धागा पुढे असतो, तो सुलट टाक्यासाठी मागे न्यायचा राहतो. मग धागा सुईवरून जातो आणि एक जास्तीचा वळसा तयार होतो, खाली भोक पडतं. जाळीच्या नमुन्यात हाच वळसा आपण मुद्दाम घेतो. नकोसा वळसा पुढच्या ओळीत लक्षात आला तर तो न विणता सुईवरून खुशाल सोडून द्या. काही गळत नाही, फक्त थोडा ढिला धागा राहतो, तो शेजारी सरकवून टाका. वळसा विणून दोन-तीन ओळी वर गेल्या असतील तर त्या ओळींतला तो टाका सोडत खाली भोकापर्यंत या. सगळं मोकळं होईल आणि टाक्यांची संख्या जागेवर येईल. सैल पडलेला धागा थोडा जास्त असतो, तो चार-पाच टाक्यांत वाटून घ्यायचा.

तिसरं कारण म्हणजे फाटलेला धागा. फोर प्लाय धाग्यात चार पदर पिळलेले असतात. टोकदार सुई पदरांच्या मधून गेली तर एका टाक्याचे दोन होतात. सैल पिळाच्या लोकरीवर फार टोकदार सुई वापरू नका.

टाके कमी भरले तर एकतर कुठेतरी टाका गळलाय किंवा दोन टाके एकदम विणले गेलेत. शोधताना आधी सुईच्या लगतच्या ओळीत बघा. दोन व्ही एकाच व्हीमध्ये शिरलेले दिसतात.

एकच खांब उसवणं

बॉर्डर झाली, अंगाच्या आठ ओळी झाल्या आणि मग दिसतं की बॉर्डरमध्ये एका जागी उलटच्या ऐवजी सुलट विणलाय. पूर्ण ओळी उसवू नका. विणत विणत त्या टाक्याच्या बरोबर वर या, तो एकच टाका मुद्दाम सुईवरून सोडा आणि सुईच्या टोकाने एकेक पायरी मोकळी करत चुकीच्या टाक्यापर्यंत खाली न्या. तिथे आधीच सेफ्टी पिन लावलेली असू द्या, म्हणजे तो त्याच्याही खाली जाणार नाही. मग क्रोशाने वर आणा, चुकलेल्या जागी बाजू बदलून. सुरुवातीला टाका मुद्दाम सोडायला हात धजावत नाही. आधी नमुन्याच्या तुकड्यावर दोनदा करून बघा. खांब पुन्हा सरळ वर आला आणि चूक कुठे होती ते स्वतःलाही सापडेना, की जो आनंद होतो तो नवी वीण जमल्याच्या आनंदाहून कमी नसतो.

ही युक्ती साध्या विणीत, पट्टीत आणि गार्टरमध्ये चालते. जाळीच्या नमुन्यात नाही, कारण तिथे टाके तिरके सरकलेले असतात आणि एक सोडला की शेजारचे दोन मोकळे होतात.

उसवायचंच असेल तर

चूक चालू ओळीतच असेल तर टाका-टाका करत मागे जा: डाव्या सुईचं टोक उजव्या सुईवरच्या टाक्याच्या खालच्या फासात घाला, उजवी सुई काढा, धागा हलकेच ओढा. वेळ लागतो पण एकही टाका हरवत नाही.

पाच-सहा ओळी किंवा जास्त जायच्या असतील तर आधी दोरा घाला. ज्या ओळीपर्यंत यायचं ती चुकीच्या खालची चांगली ओळ निवडा. बोथट सुईत सुती दोरा ओवून त्या एकाच ओळीतल्या प्रत्येक व्हीचा उजवा पाय उचलत जा, डावा सोडा. शेवटी मोजा. सत्तर टाके असतील तर सत्तर पाय दोऱ्यावर आले पाहिजेत. मग सुई काढून बिनधास्त उसवा, वीण दोऱ्यापाशी आपोआप थांबते. टाके दोऱ्यावरून बारीक सुईवर घ्या आणि पुढची ओळ नेहमीच्या सुईने विणा. जाळीचा नमुना असेल तर दर १० ते १२ ओळींनी असा दोरा आधीच घालून ठेवावा. मशीनचा बारीक दोरा वापरू नका, तो टाक्यात रुतून बसतो.

उसवलेली लोकर कुरळी होते. तशीच विणली तर टाके लहान-मोठे येतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून सावलीत टांगा. खरी लोकर पुष्कळशी सरळ होते, अॅक्रिलिक तितकी नाही. गुंडा करताना धागा ताणू नका. ताणून गुंडाळलेली लोकर विणल्यानंतर आखडते आणि स्वेटर आखूड होतो.

माप चुकतं ते कुठे

दुरुस्त न होणारी चूक एकच, मापाची, आणि ती टाके घालण्याआधीच होते. फोर प्लाय लोकर १० नंबरवर साधारण १० सेंटिमीटरला २८ टाके आणि ३६ ओळी देते. पण प्रत्येकाचा हात वेगळा. ४२ टाक्यांचा, पंधरा सेंटिमीटर उंचीचा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेडेवाकडे असतात.

स्वेटरचा छातीपाशी घेर ५० सेंटिमीटर हवा, म्हणजे पाठ २५ सेंटिमीटरची, ७० टाक्यांची. तुमच्या हाताला २८ ऐवजी २६ टाके येत असतील तर तेच ७० टाके जवळजवळ २७ सेंटिमीटर होतात आणि घेर ५४ पर्यंत जातो. ३० येत असतील तर घेर ४७ च्या आत राहतो. दोन टाक्यांचा फरक एवढा महागात पडतो. यावर हात आवळून किंवा सैल सोडून विणू नका, तो दोन ओळींत पुन्हा मूळपदावर येतो. सुई बदला: टाके कमी येत असतील तर बारीक, जास्त येत असतील तर जाड.

साध्या विणीत मागच्या बाजूला आडवे पट्टे दिसत असतील तर उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडतेय. उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई घ्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हाताला घाम आला की धागा सुईवर अडकतो आणि वीण घट्ट होते. हात धुऊन कोरडे करा, मगच पुढची ओळ घ्या. एकाच पाठीत सकाळी आणि दुपारी विणलेला भाग वेगळा दिसतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

साध्या विणीच्या कडा आत वळतात, ही तुमची चूक नाही. दोन बाजूंचे टाके सारखे नसल्यामुळे ते कापड वळणारच. खाली आणि पुढच्या उघड्या बाजूंना पट्टी किंवा गार्टर घातल्याशिवाय ते थांबत नाही. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर कड बसते खरी, पण धाग्याचा जीव जातो, कापड लुळं पडतं आणि ते परत येत नाही.

दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी एकत्र विणा. एक लांब, एक आखूड हा प्रश्नच उरत नाही. टाके वाढवायच्या ओळींच्या कागदावर खुणा करत जा.

लोकर संपत आली तर

लेबलवर रंगाच्या नंबरबरोबर लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या आणि एक जास्तीचा घ्या. वेगळा लॉट घ्यावाच लागला तर जुन्या-नव्या लोकरीच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा, म्हणजे रंगाची रेघ उठून दिसत नाही.

नवा गुंडा नेहमी कडेला जोडा. साध्या विणीच्या एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. उरलेला धागा चौपट भरत नसेल तर ती ओळ सुरू करू नका. टाके बंद करायलाही चौपट धरा. मध्ये गाठ मारू नका. गाठ टोचते आणि धुण्यात सुटते. दोन्ही टोकं १५ सेंटिमीटर ठेवा आणि शेवटी बोथट सुईने मागच्या गाठींमधून आधी एका दिशेने, मग थोडं परत फिरून ओवा.

गळा

सगळं सुरेख जमून स्वेटर बाळाच्या डोक्यातून जात नाही, हे दुःख टाळण्यासारखं आहे. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं छातीच्या घेराइतकंच, साधारण ४२-४३ सेंटिमीटर असतं. पुढून बंद स्वेटर असेल तर एका खांद्यावर बटणं ठेवा. गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात दोन नंबर जाड सुई घ्या, १० च्या जागी ८. बंद केल्यावर गळा दोन्ही हातांनी ताणून टेपवर मोजा. घट्ट वाटला तर तेवढीच शेवटची ओळ सोडवून पुन्हा बंद करा, दहा मिनिटांचं काम आहे. बटणं प्रत्येकी वेगळ्या दोऱ्याने शिवा, म्हणजे एक सुटलं तरी बाकीची सैल होत नाहीत.

तयार स्वेटर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि मापात बसवून सपाट वाळवा. दोरीवर टाकला तर बाह्या लांब होतात. खऱ्या लोकरीला कसर लागते, आणि घामाचा किंवा दुधाचा डाग राहिला असेल तर हमखास लागते. म्हणून धुतल्याशिवाय ठेवू नका. वाळलेला कडुलिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी कपडे काढून झटका. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, त्यातलं नॅफ्थलीन बाळांना बाधू शकतं. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, त्याला नुसती कोरडी पिशवी पुरते.